रस्त्यावरून आणलेली कुत्री वृद्धाश्रमातील लोकांच्या भेटीला नेता येईल का?

आपण लिहिले आहे की वाहनाच्या धडकेने पाय मोडलेली एक गावठी कुत्री आपण दोन महिन्यांपूर्वी घरी आणली, ती आता बरी झाली आहे, स्वभावाने अतिशय गरीब आहे आणि जवळच्या वृद्धाश्रमात तिला दर रविवारी न्यावे अशी आपली इच्छा आहे. नेता येईल; परंतु आणखी किमान चार महिने थांबावे असे मी सुचवेन.

नव्या घरात आलेला कुत्रा सुरुवातीला पुष्कळदा दबून असतो. तो भुंकत नाही, कोणी उचलले तरी अंग चोरून निमूट राहतो आणि आपण त्यालाच गरीबपणा समजतो. खरा स्वभाव दिसतो तो घर आपलेच आहे अशी त्याची खात्री पटल्यावर. अशा भेटींसाठी जनावरांची नोंदणी करणाऱ्या ‘पेट पार्टनर्स’ या अमेरिकी संस्थेच्या नियमानुसार कुत्रा किमान एक वर्षाचा असावा लागतो आणि सोबत जाणाऱ्या माणसाच्या घरी किमान सहा महिने राहिलेला असावा लागतो. जातिवंत असण्याची अट मात्र नाही.

हा नियम मला ठाऊक नव्हता, म्हणून माझा पहिला कुत्रा सोन्या याला मी फार लवकर नेले. घरी कोणाच्याही मांडीवर झोपणारा हा प्राणी, जेवणघरात स्टीलचे ताट पडल्याचा आवाज होताच खाटेखाली शिरला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. ‘बिचारा आमच्यासारखाच घाबरट’ असे म्हणून एक आजी हसल्या, पण त्याच्या तोंडाजवळ कोणाचा हात गेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. त्याला मी पुन्हा कधीही नेले नाही. वाचवलेल्या जनावराला दुःख कळते आणि ते कृतज्ञतेने माणसाची सेवा करते, असे आपल्याला वाटते खरे, पण त्या भावनेवर विसंबून त्याला कामाला लावू नये.

आमची दुसरी कुत्री चिंगी बांधकामाच्या जागेवरून आणलेली आणि एका डोळ्याने अधू आहे. ती आपणहून चाकाच्या खुर्चीजवळ जाते आणि गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभी राहते. अर्धांगवायूनंतर उजवा हात हलवण्याचा कंटाळा करणारे एक आजोबा तिच्या पाठीवरून ब्रश फिरवताना तोच हात बराच वेळ वापरतात, हे पाहून तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो ब्रश त्यांच्या व्यायामातच धरला. काटेकोरपणे पाहिले तर उपचार म्हणावे ते एवढ्यालाच, कारण इथे तज्ज्ञाने उद्दिष्ट ठरवले आहे आणि प्रगतीची नोंद ठेवली जाते. बाकीच्यांच्या बाबतीत ती केवळ भेट असते, आणि तिचेही मोल कमी नाही. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलातील एका खंदकात सापडलेली ‘स्मोकी’ ही चिमुकली यॉर्कशायर टेरियर बिल विन या अमेरिकी सैनिकाने दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. पुढे तो आजारी पडून रुग्णालयात असताना परिचारिका तिला जखमी सैनिकांच्या खाटांपाशी फिरवू लागल्या. तिला तरी कोणी कसले प्रशिक्षण देऊन पाठवले होते?

या चार महिन्यांत रेबीजची लस, जंतांचे औषध आणि त्वचेची तपासणी पशुवैद्यांकडून करून घ्यावी. नखे कापून घासून गुळगुळीत करावीत, कारण वृद्धांची कातडी पातळ असते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लहानसा ओरखडाही बराच वेळ वाहतो. तरीही ओरखडा उठलाच तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. कच्चे मांस खाऊ घालत असाल तर ते बंद करावे, कारण त्यातील जंतू कुत्र्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून अशक्त माणसांपर्यंत पोहोचू शकतात. भेट मी चाळीस मिनिटांत आटोपते. चिंगी विनाकारण जांभया देऊ लागली, ओठ चाटू लागली किंवा मान फिरवू लागली, तर त्याआधीच निघते, मग कोणी कितीही आग्रह करो.

पहिल्या रविवारी कुत्रीला घरीच ठेवून आपण एकट्याने जावे, व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी आणि कोणाला कुत्र्याची भीती, दमा किंवा सोवळ्याची अडचण आहे ते प्रत्येकाला विचारून वहीत लिहून आणावे.