वाचकांचे प्रश्न : सफाईचे कंत्राट आणि इमारतमालकाची जबाबदारी

प्रश्न : म्हापशात आमच्या कुटुंबाच्या भागीदारी संस्थेची इमारत असून तिच्यातील दुकाने आणि कार्यालये भाड्याने दिलेली आहेत. आमचे स्वतःचे आठ कर्मचारी आहेत; झाडलोट आणि स्वच्छतागृहांची सफाई कंत्राटदाराचे चौदा कामगार करतात. ‘कामगारांविषयीची सर्व कायदेशीर जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ असे करारात लिहिलेले आहे. आम्ही त्याची बिले वेळेवर चुकती केली, तरी दोन महिन्यांचा पगार न मिळाल्यामुळे कामगार आमच्याकडे आले आहेत आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. हे पैसे आम्हांला द्यावे लागतील का? (एक भागीदार, म्हापसा)

उत्तर : द्यावे लागतील असे धरूनच चाला. तुम्ही उद्धृत केलेले कलम तुमच्यात आणि कंत्राटदारात लागू आहे. त्याच्या आधारे तुम्ही भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकता. पण कामगारांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार केली, तर तेथे हे कलम दाखवून सुटका होणार नाही. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्यासाठी काम झाले त्याने, द्यावे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (कामगारांविषयीचे जुने कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या आणि त्यांत कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी कामगारसंख्येची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली, म्हणून लहान मालक मोकळे झाले, असा समज पसरलेला मी पाहतो. तो समज धोक्याचा आहे, कारण त्या चारांपैकी वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही आणि कंत्राटदाराने पगार दिला नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर ती जबाबदारी येते.

तुमच्या पत्रातली आठ आणि चौदा ही संख्या मला पगाराइतकीच महत्त्वाची वाटते. भविष्य निर्वाह निधीसाठी वीस माणसे मोजताना कंत्राटदारामार्फत काम करणारेही धरले जातात, आणि तुमची बेरीज बावीस होते. कर्मचारी राज्य विमा योजनेची मर्यादा तर दहाचीच आहे. ‘आमचे कर्मचारी आठच आहेत’ असे सांगत वर्षानुवर्षे काढलेल्या मालकाकडे जेव्हा मागील काळाची वर्गणी, तिच्यावरचे व्याज आणि दंड अशी एकत्र मागणी येते, तेव्हा तो कंत्राटदार बहुधा दुसऱ्या नावाने दुसरीकडे काम करत असतो. तुमच्या आस्थापनेची नोंदणी झाली आहे का, हे या आठवड्यातच सल्लागाराकडून तपासून घ्या.

आता दराकडे पाहा. केवळ हिशेबासाठी, एका कामगाराचे मासिक वेतन १५,००० रुपये आहे असे धरू. (गोवा सरकारने जाहीर केलेला किमान वेतनाचा चालू दर तुम्ही स्वतः पाहून घ्या.) भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा १२ टक्के, ठेवसंलग्न विमा (निधीच्या सभासदांचा आयुर्विमा) आणि प्रशासन खर्च मिळून आणखी १ टक्का, म्हणजे १,९५० रुपये, कर्मचारी राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे सुमारे ४८८ रुपये. बोनस, भरपगारी रजा, फिनेल, झाडू आणि कंत्राटदाराचा नफा अजून धरलेलाच नाही, तरी आकडा १७,४०० च्या वर गेला. अशा स्थितीत कोणी माणशी १४,००० रुपयांत काम घेत असेल, तर तो फरक कामगाराच्या खिशातूनच निघणार, हे कोटेशन उघडतानाच ओळखता येते. सर्वांत कमी दर स्वीकारणारा मालक ही थकबाकी स्वतःच ओढवून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिलासोबत येणारे कागद नुसते फाइलला लावू नयेत. एका इमारतीचे पगारपत्रक माझ्यासमोर आले, तेव्हा नऊ जणांच्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या होत्या आणि निधीच्या चलनासोबतच्या यादीत सहाच नावे होती. खाली जाऊन विचारले, तर त्या सहांपैकी दोघे त्या इमारतीत कधी आलेलेच नव्हते. जिन्याखाली बादल्या आणि मॉप ठेवतात तेथेच डबा उघडून बसलेल्या बाईंना आपला निधी क्रमांक काय असतो, हेही कोणी सांगितले नव्हते. म्हणून हजेरीपट, बँकेतून पगार जमा झाल्याची यादी आणि चलनाची यादी ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून नावे जुळवा, आणि ती जुळल्याखेरीज पुढचे बिल मंजूर करू नका.

सध्यापुरते एवढे करा : कंत्राटदाराला लेखी नोटीस द्या, त्याचे उरलेले बिल आणि अनामत रोखून धरा, हजेरीपटावरून प्रत्येकाची रक्कम काढा आणि ती थेट कामगाराच्या बँक खात्यात भरा. रोख देऊ नका. दोन महिने पगाराविना काम केलेल्या माणसाला न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबायला सांगणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

प्रश्न : कंत्राटदाराच्या बिलातून आयकर कापणे आवश्यक आहे का? (मडगाव)

उत्तर : बिल चुकते करणारी संस्था, भागीदारी किंवा कंपनी असेल तर होय. एक बिल ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखाहून अधिक असेल, तर कंत्राटदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास एक टक्का आणि इतर कोणी असल्यास दोन टक्के कापून भरावे.

प्रश्न : फोंड्यातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी चतुर्थीपूर्वी साफ करायची आहे. टँकरचा खर्च वाचवण्यासाठी दोन माणसे आत उतरवून रात्रीत काम करून देतो, असे सफाईचा कंत्राटदार म्हणतो. जोखीम त्याचीच असल्याचे तो लिहून द्यायला तयार आहे. (सचिव)

उत्तर : कृपया हे होऊ देऊ नका. आवश्यक साधने आणि सुरक्षेची व्यवस्था न करता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती बंदी थेट काम देणाऱ्यालाही आहे, दुसऱ्यामार्फत देणाऱ्यालाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. कंत्राटदाराच्या चिठ्ठीने यातले काहीही टळत नाही. उलट धोका आधीच ठाऊक होता, याचा तो लेखी पुरावा ठरेल. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली.

परंतु दंडाचा विचार बाजूला ठेवूनही सांगतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ असे वाटते तीच वेळ प्राणघातक असते. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. अशा घटनांत एकाहून अधिक बळी जातात ते यामुळेच.

सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी गोव्याच्या फार थोड्या भागात असल्याने टाक्यांचा हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. मैला उपसणारा टँकर दिवसाउजेडी बोलवा, पाइप वरूनच आत सोडू द्या, आणि मैला शेतात किंवा ओहोळात न टाकता सांडपाणी प्रकल्पात दिल्याची पावती मिळाल्यावरच पैसे द्या. तळाशी गाळ घट्ट बसला असेल, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो सैल करणारे यंत्र मागवावे लागेल आणि खर्च वाढेल. तो सभासदांत वाटून घ्या. टाकीच्या झाकणाला कुलूप लावून किल्ली तुमच्याकडे ठेवा, आणि ‘आत कोणीही उतरणार नाही’ हे वाक्य सफाईच्या करारात आजच घाला.