अंतराळवीराची घेरी आणि अंथरुणातली घेरी

प्रश्न : शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात १८ दिवस राहून जुलै २०२५मध्ये परतले, तेव्हा त्यांना आधार देऊन यानाबाहेर आणलं. इतक्यात एवढा अशक्तपणा? माझी आई तीन आठवडे अंथरुणात होती, तिलाही उठताना घेरी येते. कारण एकच का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अशक्तपणा हे यातलं मुख्य कारण नव्हे. आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीत दाब जोखणारे चेतातंतू असतात. त्यांच्या इशाऱ्यावर मेंदू काही सेकंदांत नाडी वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. भारहीन अवस्थेत हे रक्त वर छाती-डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पिंडऱ्या बारीक होतात. थोड्याच दिवसांत रक्तातला द्रव १० ते १५ टक्के घटतो. तिथे तेवढा पुरतो. जमिनीवर उभं राहताच कमी पडतो. दाब सावरणारी यंत्रणाही तोवर सुस्तावलेली असते.

म्हणून उतरण्याआधी मीठ आणि साधारण लिटरभर पाणी घेतात, पायांना घट्ट कपडे घालतात. पाणी फार आधी प्यायलं तर लघवीवाटे निघून जातं.

त्यात कानाची भर. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे वजनामुळे सरकतात, त्यावरून मान कुठे कलली ते मेंदूला कळतं. वर ही खूण मिळत नाही, मेंदू तिच्याशिवाय चालवायला शिकतो. परतल्यावर मान जराशी वळवली तरी सगळं गरगरतं.

आईंचा कान मात्र गुरुत्वाकर्षणातच होता. रक्ताचा भाग सारखाच. भारहीनतेचा अभ्यास करायला निरोगी माणसांना डोकं ६ अंश खाली ठेवून झोपवतात, ते याचसाठी. आईंचं बीपी पाच मिनिटं आडवं राहिल्यावर मोजा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा आणि बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.

उठताना आधी घोटे वीसेक वेळा वरखाली हलवायचे, पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसायचं, मग आधार धरून उभं राहायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसवा. मे महिन्यात घामाने पाणी आणखी घटतं, तेव्हा पाण्याकडे जास्त लक्ष हवं. जादा मीठ मात्र अंतराळवीरांचं पाहून देऊ नका. हृदय, मूत्रपिंड किंवा बीपीचा त्रास असेल तर ते अंगावर येईल.