वायर जागेवर राहू दे

प्रिय डॉक्टर,

काल फोनवर तुझा आवाज कापत होता. अँजिओप्लास्टी करताना आजोबांच्या हृदयाच्या धमनीला भोक पडलं. ते वाचले, तरी तुला झोप लागली नसणार. म्हणून सविस्तर लिहितोय.

धमनी कॅल्शियमनं दगड झालेली, बलून फुगवला आणि पुढच्या एक्स-रे शॉटला धमनीत सोडलेला डाय फवाऱ्यासारखा बाहेर. 1994 साली एलिस या हृदयतज्ज्ञांनी अशा भोकांचे जे प्रकार पाडले, त्यातला हा तिसरा. अशा क्षणी हात सगळं बाहेर ओढायला धावतो. तू ओढलं नाहीस. जिच्यावरून बलून सरकतो ती वायर आत होती म्हणून तोच बलून भोकावर नेऊन कमी दाबावर फुगवता आला, आणि रक्त थांबल्यावर तू इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागवलास. क्रम अगदी बरोबर होता.

हेपॅरिनवरचा उतारा, प्रोटामिन, लगेच का द्यायचं नाही, असं तू विचारलंस. धमनीत वायर-बलून असताना रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा असर उतरवला तर आतच गुठळी होऊ शकते. गळती तर बलूननं रोखलेलीच असते. कव्हर्ड स्टेंट, म्हणजे भोक झाकणारी पडदा लावलेली जाळी, बसव, सामान बाहेर काढ, मग गरज वाटली तर दे.

मला आजही टोचते ती केस वेगळी आहे. अँजिओप्लास्टी सुरेख झाली होती. निसरड्या वायरचं टोक मात्र एका बारीक फांदीत खोल गेलं होतं आणि शेवटच्या शॉटमध्ये मी तिथवर पाहिलंच नाही. रात्री वॉर्डातून फोन आला, बीपी उतरलंय, घाम फुटलाय. मी म्हणालो, सलाईन वाढवा. दोन तासांनी स्वतः जाऊन इको केला, तर हृदयाभोवती रक्त साठलेलं. छातीच्या हाडाखालून सुई घालून ते काढलं. माणूस वाचला, पण ते दोन तास मी वाया घालवले होते. तेव्हापासून शेवटचा शॉट धमनीच्या टोकापर्यंत, डाय पूर्ण वाहून जाईतो घेतो. आणि अँजिओप्लास्टीनंतर बीपी उतरलं की आधी इको. वायरनं बारीक फांदीच्या टोकाला पाडलेल्या अशा भोकाला कव्हर्ड स्टेंट पोचत नाही. ती फांदी बुजवायला मायक्रोकॅथेटर या अगदी बारीक नळीतून कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, नाहीतर पेशंटच्याच पोटावरची थोडी चरबी सोडावी लागते.

हे सगळं सामान आपल्याच कपाटात हवं. ऑगस्ट 2019 आठव. शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, पुण्याकडून काही येत नव्हतं. 'मागवून घेऊ' हे कोल्हापुरात पावसाळ्यात म्हणता येत नाही, आणि हृदयाभोवती रक्त भरत असताना तर कधीच नाही. कव्हर्ड स्टेंटची दोन-तीन मापं ठेव. ते तुझ्या 6 फ्रेंच मापाच्या गायडिंग नळीतून जातात का, हे आधीच बघून घे. एक्स्पायरी सिस्टरांबरोबर तू स्वतः तपास.

आजोबांच्या मुलाला अजून नीट सांगितलं नाहीस ना? ज्युनिअरला पाठवू नकोस. शेजारी बसून साध्या शब्दांत सांग की धमनीला भोक पडलं होतं, ते बुजवलंय, अजून एक दिवस लक्ष ठेवायचंय. तो चिडला तर चिडू दे, तू उठू नकोस.

सकाळी इको परत कर आणि मला कळव.

तुझा,
सर