प्रॉकमॅप क्वेरी: लूपमध्ये मधेच ईइनव्हॅल का येतो

प्रॉकमॅप क्वेरी म्हणजे एखाद्या प्रोसेसची मेमरी मॅपिंग (तिच्या पत्त्यांचे पट्टे) एकेक करून लिनक्स कर्नलला विचारणारा कॉल. तुम्ही त्याचं मॅन्युअल पान लिहिताय आणि नमुना प्रोग्राम काही मॅपिंग दाखवून ईइनव्हॅल (चुकीची माहिती दिल्याची चूक) देतो, असं म्हणालात. कोड पाहिलेला नाही, पण माझा संशय एकाच जागी जातो: व्हीएमए_नेम_साइज (मॅपिंगच्या नावासाठीच्या बफरचं साइज) प्रत्येक फेरीत नव्याने भरलं जात नसणार. बिल्ड आयडी (मॅप केलेल्या फाइलच्या नेमक्या बिल्डची ओळख) मागत असाल तर त्याचं साइजही.

ही फील्ड दुहेरी आहेत. जाताना बफर केवढा ते सांगायचं. येताना कर्नल त्यातच नावाची खरी लांबी लिहितो, शेवटचा शून्य बाइट धरून. निनावी मॅपिंगला नावच नाही, म्हणून तिथे ० येतो. पुढच्या फेरीत साइज ० आणि बफरचा पत्ता मात्र भरलेला. कर्नलला दोन्ही शून्य लागतात किंवा दोन्ही भरलेले, म्हणून ईइनव्हॅल.

दुसरी तऱ्हा जास्त फसवी. सुरुवातीची मॅपिंग एकाच फाइलची असतात, नाव तेवढंच लांब, सगळं सुरळीत चालतं. मग [हीप] (प्रोग्राम चालताना मागतो त्या मेमरीचं मॅपिंग) येतं आणि साइज ७ वर उतरतं. पुढे लायब्ररीचा लांब मार्ग आला की ईनेमटूलाँग (बफरात मावत नाही). या चुकीत कर्नल स्ट्रक्चर परत लिहीत नाही, त्यामुळे किती जागा हवी होती तेही कळत नाही. सरळ ४०९६ बाइटांचा बफर द्या. बिल्ड आयडीला २० बाइट पुरतात. तो बफर अपुरा पडला तरी चूक हीच येते, हे पानात वेगळं नोंदवा.

माझं ठाम मत: हेडरमधल्या टिप्पण्या तशाच उतरवून पान होत नाही. प्रत्येक फील्डपुढे दिशा लिहा, आणि नमुन्यात दोन्ही साइज लूपच्या आतच भरा.

ईनोएंट (काही सापडलं नाही) या चुकीचेही दोन अर्थ सांगा. 'कव्हरिंग ऑर नेक्स्ट' (त्या पत्त्याचं किंवा त्यापुढचं मॅपिंग द्या) फ्लॅग असेल तर यादी संपली. नसेल तर त्या पत्त्यावर काही नाही. पुढचा क्वेरी पत्ता म्हणजे व्हीएमए_एंड (आत्ता मिळालेल्या मॅपिंगचा शेवट), त्यात १ मिळवू नका. दोन कॉलच्या मधे प्रोसेस मॅपिंग बदलू शकते, तेव्हा पूर्ण फेरी म्हणजे एका क्षणाचं चित्र नव्हे, हेही लिहाच. ६.११ च्या आधीच्या कर्नलवर ईनॉटटीवाय (हा कॉल इथे नाही) येतो. तिथे प्रोसेसच्या मॅप्स फाइलचा (मॅपिंगची यादी देणारी प्रॉकमधली फाइल) मजकूर वाचण्याची जुनी वाट ठेवा.