‘अंधत्वग्रस्त’: गिळणारा कोण?

सोलापुरातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या संस्थेच्या देणगीपत्रकात ‘अंधत्वग्रस्त मुले’ असे छापले गेले, त्यावर अंध माजी विद्यार्थ्यांनी लेखी हरकत घेतली आणि व्यवस्थापनाने ‘शब्द व्याकरणशुद्ध आहे’ असे उत्तर दिले; तर चूक कोणाची, आणि ‘अंध’ म्हणावे, ‘दृष्टिहीन’ की ‘दिव्यांग’?

हरकत घेणारे बरोबर आहेत. ‘ग्रस्त’ हे ‘ग्रस्’ धातूचे रूप शुद्ध आहे यात वाद नाही, परंतु शब्द शुद्ध असल्यानेच त्याच्या अर्थाची जबाबदारी टळत नाही. ग्रस् म्हणजे गिळणे. गोग्रासातला ग्रास तोच, आणि खग्रास व खंडग्रास ग्रहणांतलाही तोच. (‘ग्रहण’ मात्र ‘ग्रह्’, म्हणजे पकडणे, या वेगळ्या धातूपासून आले आहे, या दोहोंची गल्लत करू नये.)

मराठीत ‘ग्रस्त’ कोणत्या घरात वाढला हे पाहायचे असेल, तर आमच्या सोलापुरातूनच निघणारे दाते पंचांग उघडावे. ग्रहणाच्या पानावर स्पर्श (ग्रहणाची सुरुवात), मध्य आणि मोक्ष (ग्रहण सुटणे) यांच्या वेळा असतात, आणि बिंब ग्रासलेल्या स्थितीतच मावळणार असेल तर त्या ग्रहणाला ‘ग्रस्तास्त’ म्हणतात. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, सूर्य तसाच मावळला होता. राहूने गिळलेल्या बिंबाचा मोक्ष लवकर व्हावा म्हणून गल्लोगल्ली ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी उठत असे. देणगीपत्रकांत ‘ग्रस्त’ इतक्या सहजपणे उतरतो, त्याचे मूळ या आरोळीत आहे, असे माझे ठाम मत आहे. मूल गिळले गेले आहे, दात्याने दान द्यावे आणि संस्थेने मोक्ष घडवावा, ही सगळी मांडणी त्या एका शब्दात तयारच मिळते, आणि तीत मुलाला बोलण्याजोगे काहीही उरत नाही. गरोदर स्त्रीने ग्रहणकाळात चिरले-कापले तर मूल व्यंग घेऊन जन्मते, या वैद्यकीय आधार नसलेल्या समजुतीनेही ग्रहण आणि अपंगत्व यांची गाठ आपल्या मनात कधीचीच घालून ठेवली आहे.

‘ग्रस्त’ आता निव्वळ ‘बाधित’ या अर्थाचा प्रत्यय झाला आहे, असे सांगणारे अभ्यासक आहेत. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातले शब्द तपासावेत. दुष्काळग्रस्ताला दुष्काळाने, पूरग्रस्ताला भीमेच्या पुराने आणि धरणग्रस्ताच्या गावाला उजनीच्या पाण्याने खरोखरच गिळले. या प्रत्येक शब्दात गिळणारा बाहेरून आलेला आहे आणि त्याआधी निराळे असे एक आयुष्य होते. जन्मतः अंध असलेल्या मुलीला कोणी गिळले? तिची वाट अडवतात ती ब्रेलमध्ये न मिळणारी पुस्तके आणि पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी. ‘अंधत्वग्रस्त’ हा शब्द मात्र तो सारा दोष तिच्या डोळ्यांवर नेऊन ठेवतो.

हा केवळ माझा आग्रह नाही. एका चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी, जे स्वतः अपंग आहेत, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ८ जुलै २०२४ च्या निकालात न्यायालयाने चित्रपटाच्या प्रमाणपत्राला हात लावला नाही, तथापि अपंगत्वाला व्यक्तीचा दोष ठरवून समाजातील अडथळे झाकणारी, ‘ग्रस्त’, ‘पीडित’ अशा आशयाची भाषा टाळावी, असे स्पष्ट सांगितले, आणि ‘आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको’ हे अपंगांच्या चळवळीचे तत्त्वही नोंदवले. माजी विद्यार्थ्यांचे पत्र त्याच परंपरेतले आहे. त्याला व्याकरणाचे उत्तर देणे म्हणजे प्रश्न ऐकलाच नाही असे म्हणणे होय.

आता उरलेल्या शब्दांविषयी. ‘दृष्टिहीन’ मधील ‘हीन’ कानाला खटकतो. ‘दिव्यांग’ २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवल्यापासून सरकारी झाला आहे आणि कार्यालयीन अर्जात तो लिहावाच लागतो; परंतु अंगाला दिव्यत्व बहाल केल्याने उतारमार्ग बांधला जात नाही, ही अपंग संघटनांची तक्रार मला रास्त वाटते. ‘अंध विद्यार्थी’ हे दोन साधे शब्द पुरेसे आहेत. पुढील पत्रकाचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी पत्र लिहिणाऱ्या त्याच माजी विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी काढायला सांगितलेला शब्द काढावा.