नवा फोन घेण्याआधी बॅटरी तपासावी
फोन तीन वर्षांचा झाला, एवढ्याच कारणावरून तो बदलावा असे मला वाटत नाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि फोनमधली लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर झिजते. त्यामुळे चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नसेल किंवा फोन अचानक बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो, आणि ती बदलून घेण्यास (मूळ कंपनीचीच घ्यावी, स्वस्ताच्या मोहात पडू नये) नव्या फोनच्या किमतीचा लहानसा भागच लागतो. मात्र कंपनीने सुरक्षा अपडेट देणे थांबवले असेल आणि आपण त्याच फोनवरून यूपीआयचे व्यवहार करत असाल, तर फोन बदलण्यात चालढकल करू नये. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांत नव्या फोनची चौकशी करताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे आधी विचारावे.