'ब्लॅक' आणि 'ब्लीच' सख्खे कसे?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे. इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळताना तिला दिसलं, की 'ब्लॅक' आणि 'ब्लीच' हे शब्द एकाच मुळापासून आलेत. एक काळा, तर दुसरा काळ्याचं पांढरं करणारा! हे कसं शक्य आहे? आपल्या भाषेशी याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मुलीला माझी शाबासकी सांगा. तिने वाचलं ते बरोबर आहे.

या मुळाचा अर्थ मुळात रंग असा नव्हताच. चकाकणं, भडकणं, जळणं असा तो होता. भाषाशास्त्रज्ञ ते मूळ 'भेल्' असं मांडतात. होळीतलं लाकूड डोळ्यांसमोर आणा. रात्री ते लखलखतं आणि सकाळी कोळसा होऊन पडलेलं असतं. त्या ज्वाळेचा शब्द 'ब्लेझ', जळून उरलं त्याचा 'ब्लॅक', आणि उजळ, फिकं करण्याचा 'ब्लीच'. जुन्या इंग्रजीत 'काळा' आणि 'फिका' या अर्थांच्या दोन शब्दांत फरक काय, तर फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा! पुढे मध्ययुगीन लिखाणात तोही पुसट झाला आणि काही ठिकाणी कवीला चेहरा काळवंडलेला म्हणायचाय की पांढराफटक, याचा निर्णय अभ्यासकांना आजही करता येत नाही. 'ब्लू'सुद्धा याच घरातला मानतात, आणि लॅटिनमधला पिवळ्यासाठीचा 'फ्लावुस'ही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. मी शाळेत संस्कृत शिकवलं, आणि गायत्री मंत्राशी आलो की फळ्यावर हे लिहायचोच. 'भर्गो देवस्य धीमहि' यातला 'भर्ग' म्हणजे तेज. रामकुंडावर सकाळी हा मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडी जो शब्द असतो, तो 'ब्लॅक'चा नातलग आहे. संस्कृतातल्या 'भ'च्या जागी इंग्रजीत 'ब' येतो; भ्राता आणि ब्रदर ही जोडी सगळ्यांना ठाऊक आहेच. 'र' आणि 'ल' तर आपल्याकडेही एकमेकांची जागा घेतात, रोहित आणि लोहित दोन्ही चालतात.

एक मात्र कळकळीने सांगतो. 'बघा, इंग्रजी संस्कृतातून निघाली' असं तिला सांगू नका. भाषांचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या भाषणात मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज उरलेला नाही. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची, तीही त्याच कुळातली. म्हणजे संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, नात्यातली बहीण. मला तर हे नातं अधिक मोठं वाटतं.

बाकीच्या जोड्या तिला स्वतः शोधू द्या, थोड्या सुचवतो. श्वेत आणि व्हाइट. गव्हाचा 'व्हीट'ही त्यातलाच, पांढऱ्या पिठावरून. रुधिर आणि रेड. हिरण्य, गोल्ड आणि यलो यांचं मूळ एक. आपली हळद ज्या 'हरिद्रे'वरून आली तीही त्यांचीच. 'लाइट'चा माग काढला तर ती 'रुच्' या धातूशी पोहोचेल. रुच् म्हणजे प्रकाशणं, आवडणं. भाजी रुचली म्हणतो, त्यातला तोच.

'ग्रीन' मात्र या प्रकाशाच्या घरात सापडणार नाही. तो 'ग्रो' आणि 'ग्रास' यांच्यासोबतचा, वाढण्याच्या मुळाचा आहे. तिने तो हरित किंवा हिरव्याशी जोडला, तर तेवढं दुरुस्त करा.